मालक घरात न्हाईत

"शब्द खोडायच्या आधी लिवणाऱ्याला इचारावं, सर," असं मला आयुष्यात एकाच माणसानं सुनावलं, आणि तेही माझ्याच घरात, माझाच चहा पीत. निपाणीच्या शाळेत मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर बेळगावच्या एका छोट्या छापखान्याची मुद्रितं तपासू लागलो. एवढ्या काळात माझ्या लाल पेनाच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. गेल्या त्या बेळगावातल्या वडगाव भागातल्या सुलोचनाआक्का.

छापखानेवाल्याचा आधी फोन आला होता. "एक बाई येतील. मागावर साड्या विणतात. थरारकादंबरी लिहिलीय, पहिलीच आहे, जरा सांभाळून घ्या." मी मनातल्या मनात हसलो. आमच्या भागात कडोलीच्या साहित्य संमेलनाला जाऊन आलेला प्रत्येक माणूस आठवडाभर लेखक असतो, मग शेतीची कामं निघतात आणि तो बरा होतो. ह्या बाई दर वर्षी कडोलीच्या मांडवात मागच्या रांगेत बसून भाषणं ऐकायच्या, एवढं कळलं होतं. कादंबरी म्हणून फार तर चार कविता निघतील, एवढीच मी तयारी ठेवली.

आक्का आल्या त्या साडीच्या खोक्यात हस्तलिखित घेऊन. पंचावन्नच्या आसपास वय, ठेंगण्या, डोईवर पदर, आणि आवाज असा की शेजारच्यांनी खिडकी उघडून पाहिलं. खोक्यात वह्या नव्हत्या. साडीच्या काठाची नक्षी आखायचे बारीक चौकटींचे कागद होते, आणि एकेका चौकटीत एकेक अक्षर बसवलेलं होतं. वेलांटी वरच्या चौकटीत गेलेली, उकार खालच्या. दोन शब्दांमध्ये एक चौकट मोकळी. तीनशे पानं अशी.

"असं का लिहिलंत?" मी विचारलं.

"नक्षी अशीच आखत्यात, सर. एक घर चुकलं की मोराची मान मोडती. गोष्टीचंबी तसंच असंल म्हनलं."

मी वाचायला बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही, हे मात्र कबूल करायला हवं. माग चालवणारी रत्ना नावाची बाई सगळं सांगते आहे. मागाच्या शेडमधला एक कामगार मरतो, त्याच दिवशी मालक गायब होतात. पोलीस येतात. रत्ना पोलिसांशी खोटं बोलते. आपल्याला वाटत राहतं, ही आपल्या धन्याला का वाचवते आहे? आणि अर्धी कादंबरी उलटल्यावर कळतं की मालक म्हणजे शेडचा धनी नव्हेच, तो तिचा नवरा. त्यानं निपाणीत दुसरा संसार मांडलेला आहे, तिला ते ठाऊक आहे, आणि तरी तिनं खोटं बोलायचं ठरवलं आहे. आमच्याकडे माग ज्याचा तो मालक, आणि कुंकू ज्याच्या नावाचं तोही मालकच. ह्या एका शब्दावर बाईंनी अख्खं पुस्तक तोलून धरलं होतं.

आणि मी काय केलं? मी व्याकरणाचा माणूस. सगळं वाचून झालेलं असल्यामुळे कुठला मालक कुठला ते मला माहीत होतं. मुद्रितं हातात आल्यावर, वाचकाचा घोटाळा नको म्हणून जिथे जिथे नवरा अभिप्रेत होता तिथे तिथे मी 'मालक' खोडून 'नवरा' केलं. मोठ्या समाधानानं मुद्रितं परत दिली.

दोन दिवसांनी आक्का पहिल्या गाडीनं निपाणीत हजर. चहा घेतला, एक घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, मी दीडशे पानं झाकून ठेवलं ते तुमी तिसऱ्या पानावर उघडं केलं की वो."

मला कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा कान तापले. शब्द खोडण्याबद्दलचं ते वाक्य त्यानंतरचं. मी निमूटपणे सगळे 'मालक' परत घातले. बायको स्वयंपाकघरातून हसत होती.

आक्कांची खोटं बोलण्याविषयी ठाम मतं होती. "जाड खोटं उसवतंय, सर. खोट्याला खऱ्याचा काठ लावायचा, मग ते टिकतंय." रत्ना पोलिसांना जे सांगते त्यात चार गोष्टी खऱ्या आणि एकच खोटी, ती ह्याच हिशेबानं. अडलं की त्या लिहिणं थांबवायच्या. "धागा तुटला की घाईनं हात घालू नये. आदी माग बंद करावा." मी हे वाक्य माझ्या टेबलासमोर लिहून ठेवलं आहे. संसारात त्याचा उपयोग व्याकरणापेक्षा जास्त झाला.

पोलिसांचं खरंखुरं कळावं म्हणून ह्या बाई एकदा घराजवळच्या चौकीत गेल्या होत्या. माणूस गायब झाला तर किती दिवसांनी शोधायला लागता, घरच्या बाईला काय काय विचारता, ती खोटं बोलते हे कशावरून कळतं, असे प्रश्न त्यांनी कन्नडमधून, त्यांच्या त्या आवाजात, उभ्याउभ्या विचारले. उत्तरं मिळाली. दुसऱ्या दिवशी एक पोलीसही मिळाला. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "यजमान्रु एल्ली?" म्हणजे, यजमान कुठे? कन्नडमध्येही यजमान म्हणजे नवरा आणि यजमान म्हणजे धनी. आक्का म्हणाल्या, "मालक घरात न्हाईत." म्हणजे मागल्या बाजूला शेडमध्ये आहेत. पण पोलिसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून त्यांनी त्याला दारातच थांबवलं, आत जाऊन कागदावर ते तीन शब्द एकेका चौकटीत लिहिले आणि मगच नवऱ्याला बोलावून आणलं. कादंबरीचं नाव ते. मी 'घरी नाहीत' करू पाहिलं होतं. आक्कांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, मी पेनाला टोपण लावलं.

मालक, म्हणजे अण्णा, हे फार शांत गृहस्थ. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हतं. आक्कांचा आवाज एवढा का, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. अण्णांची शाळा कन्नड, मराठी वाचायचं तर बोट ठेवून. त्यामुळे आक्का त्यांना लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायच्या. माग चालू असताना ते शक्य नव्हतं, म्हणून दुपारी करंट गेला की वाचन. सगळ्या गल्लीतले माग बंद पडलेले, सगळीकडे शांतता, आणि त्या शांततेत आक्का ओरडून रहस्यकथा वाचतायत. गल्लीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या. वीज गेल्यावर आनंद होणारी ती बहुधा राज्यातली एकमेव गल्ली असेल. कामगार कुणामुळे मेला, हे पुस्तक छापायच्या आधीच अख्ख्या वडगावाला माहीत होतं.

फक्त शेवटचं प्रकरण कुणाला माहीत नव्हतं. अण्णा कानामागे हात धरून विचारायचे, "म्होरं?" आणि आक्का सांगायच्या, "लिवायचं हाय अजून." हे खोटं होतं. ते प्रकरण जुळवून तयार होतं, त्याचं मुद्रित माझ्या पिशवीत होतं.

त्या प्रकरणात, गायब झालेला नवरा घरी परतल्यावर, रत्ना त्याला सोडून निघते. जांबोटीला मावशीकडे जाते असं घरी सांगून ती रेल्वे पकडायला लोंढ्याला जाते, कारण बेळगावच्या स्टेशनावर सगळे ओळखीचे. लोंढ्याच्या फलाटावर ती बाकड्यावर बसून राहते, गाडी येते. ती चढत नाही. परत येते, जांबोटीहून आले म्हणते. थोड्या वेळानं तिच्या मागून मालक दारात येतात, चिंब भिजलेले, आणि काखेत छत्री बंद. इथे कादंबरी संपते. त्याला कळलंय का? आता तो काय करील? वाचताना अंगावर काटा आला होता. पण काटा ओसरल्यावर मी समासात लिहिलं होतं, 'छत्री असताना भिजला कसा? खुलासा हवा.' त्याच पानावर त्या छत्रीला साडीच्या हिरव्यानिळ्या रामा रंगाच्या तुकड्याचं ठिगळ होतं, ते लांबून ओळखू यायचं, असं एक वाक्य होतं. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं, 'अनावश्यक तपशील.'

हे मुद्रित घेऊन मी वडगावला गेलो. अण्णा बाजारात गेले होते. आक्कांनी माझे दोन्ही शेरे वाचले आणि कागद उलटा करून ठेवला.

मग म्हणाल्या, "सर, ह्यातलं दुसरा संसार, पोलीस, मेलेला मानूस, समदं खोटं हाय. माझ्या मालकांनी पानाला चुना लावला आसंल, मला कवा लावला न्हाय. पर लोंढ्याचं बाकडं खरं हाय."

लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मडगावच्या एका मैत्रिणीनं त्यांच्यासाठी नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळवली होती. कागदही आला. सासूबाईंनी तो वाचून न घेताच नाही म्हटलं. अण्णा समोर बसलेले, ते काहीच बोलले नाहीत. "सासूचा राग आला न्हाई मला. मालक गप ऱ्हायले त्येचा आला." आषाढात एक दिवस त्यांनी पिशवी भरली, जांबोटीला मावशीकडे जाऊन येते म्हणाल्या आणि लोंढ्याला जाऊन गोव्याच्या गाडीची वाट बघत बसल्या.

"मग?"

"गाडी आली. दारात एक कोळीण हुती, म्हनली, चढतीस का बाई? हातच वर गेला न्हाई, सर. मागावरचा ताणा संपत आलता, नवा जोडायला मालकांना एकट्यानं जमत न्हाई, आसलं कायबाय आठवलं. आता तुमी म्हनशीला हे काय कारन झालं. मलाबी कळंना. गाडी गेली. मी परत आले."

"आणि छत्री?"

"ते तसंच झालतं. मी घरात आले आन् घटकेनं मालक आलं, नखापास्नं केसापतोर भिजलेलं, छत्री काखेत बंद. सासू म्हनली, छत्री काय पुजायला नेलतीस? ते कायबी बोललं न्हाईत. मी खोटं बोलून आलते, मी कुठल्या तोंडानं इचारू?"

तीस वर्षं त्यांनी विचारलं नव्हतं. आणि आता पुस्तक छापून येणार होतं. कुणीतरी हौसेनं ते पान अण्णांना वाचून दाखवणार, आणि आपली बायको एकदा आपल्याला सोडून निघाली होती, हे त्या माणसाला म्हातारपणी परक्याच्या तोंडून कळणार. आक्कांना ह्याची भीती होती. मला म्हणाल्या, "लोंढा काढू का, सर? दुसरं कायतरी घालते."

मी म्हणालो, काढू नका, कादंबरीचा जीव तिथे आहे. शिक्षकाच्या सुरात म्हणालो. माझं काय जात होतं? परतीच्या बसमध्ये मात्र मला स्वतःची लाज वाटली. पुस्तकाचा जीव वाचवायला मी एका घरात काडी लावून आलो होतो.

आठवड्यानं आक्कांचा फोन आला. "उद्या दुपारी या. मीच वाचून दावते त्यांस्नी. मदीच माझा आवाज बसला तर म्होरं तुमी वाचा."

दुसऱ्या दिवशी करंट वेळेवर गेला. माग थांबले. बायका उंबऱ्यावर येऊन बसल्या, आणि आक्कांनी दार लावून घेतलं. बाहेर नाराजीची कुजबुज झाली. आक्का अण्णांच्या अगदी कानाशी तोंड नेऊन बसल्या. एरवी ओरडून वाचणारी ती बाई त्या दिवशी हळू वाचत होती. लोंढा आला तरी आवाज बसला नाही. कोळीण आली, गाडी आली, गाडी गेली. रत्ना घरी आली. मालक दारात आले, भिजलेले, छत्री बंद. संपलं.

समोरच्या मागावर अर्धी विणलेली साडी होती, अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मी माझ्या चपला कुठे काढल्या आहेत ते आठवू लागलो.

मग ते म्हणाले, "हितं चूक हाय."

"काय?" आक्कांनी विचारलं.

"छत्रीचं कारन लिवलं न्हाईस."

मी तरी पक्का मास्तर. अशा वेळीसुद्धा मला वाटलं, बघा, मी तेच म्हटलं होतं.

"त्या दिशी जांबोटीची बस आलीच न्हवती," अण्णा म्हणाले. "वड्याला पानी आलतं. तू भिजशील म्हनून छत्री घिऊन मी स्टँडवर आलतो. कंट्रोलर म्हनला, जांबोटी रद्द. तवर लोंढ्याची बस लागली आन् तू उतरलीस. हातात पिशवी. मी खांबामागं झालो."

आक्कांचा हात तोंडावर गेला.

"लोंढ्याला काय मावशी हाय व्हय तुझी? कळलं मला. तू चालत निगालीस, मी मागनं. स्टँडपास्नं वडगावपतोर. तू म्होरं भिजत, मी मागं भिजत."

"आन् छत्री?" आक्का ओरडल्या. "छत्री हातात हुती की वो! उगडायची न्हवती?"

"ते ठिगाळ लांबनं दिसतंय. तू मागं वळून बगितलं आसतंस तर वळखलं आसतंस. मग तुला खरं सांगाय लागलं आसतं." थोडं थांबून म्हणाले, "परत आलतीस न्हवं. मग इचारायचं काय?"

आक्का रडत होत्या. अण्णा त्यांच्याकडे न बघता, मागाकडेच बघत म्हणाले, "कागद आलता तवा मी आईम्होरं बोलाय पायजे हुतं. बोललो न्हाय. म्हनून भिजलो."

मी उठून दार उघडलं, कारण मला तिथे बसवेना. माझेही डोळे भरले होते, ते त्या दोघांनी बघायचं कारण नव्हतं. बाहेर पाहतो तर सगळी गल्ली पदरानं डोळे टिपत होती. आक्का हळू वाचत होत्या खऱ्या, पण बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कुठे कळतं? अण्णांचं बोलणं टोकाच्या घरापर्यंत पोचलं होतं.

जाताना मी विचारलं, "आता शेवट बदलायचा ना? खुलासा मिळाला."

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "लोकांस्नी भ्या वाटू दे. हे आमच्याकडं ऱ्हाऊ दे."

मी मुद्रितावरचे माझे दोन्ही शेरे खोडले. ठिगळाचं वाक्य तसंच ठेवलं. पुस्तक आलं, बरं खपलं. पुण्याहून, सांगलीहून वाचकांची पत्रं यायची की शेवटच्या पानावर आम्हाला फार भीती वाटली. वडगावात मात्र ते पान वाचताना बायका हसतात आणि डोळे पुसतात.

गेल्या वर्षी अण्णांना माग झेपेनात. त्यांनी ते काढून टाकले आणि दोघं पुण्याला मुलीकडे राहायला निघाली. मी बेळगावच्या स्टेशनावर निरोप द्यायला गेलो. आक्कांच्या हातात साडीचं तेच खोकं होतं, आत चौकटींचे कोरे कागद. दुसरी कादंबरी सुरू होती. विषय विचारला तर म्हणाल्या, "आदी वाचा, मग खोडा."

गाडी आली. अण्णा आधी चढले, त्यांनी वरून हात दिला. आक्कांचा एक पाय पायरीवर होता, तशाच त्या मागे वळल्या आणि मला म्हणाल्या, "सर, ह्या खेपेला चढले बगा."

"आँ?" अण्णांनी कानामागे हात धरला. "काय म्हनलीस?"

आक्का वर चढल्या, त्यांच्या कानाशी गेल्या आणि गल्लीत वाचायच्या त्या आवाजात ओरडल्या, "चढले म्हनलं, चढले!"

सगळा फलाट वळून बघत होता. अण्णा हसले आणि त्यांनी आक्कांना खिडकीजवळची जागा दिली.